मामलेदाराची टाकी

५ जानेवारी १९९७, रविवार

आजपासून ही डायरी. ऑफिसात दरवर्षी कुठली ना कुठली कंपनी डायरी वाटते. दरवर्षी ती उज्वलाकडे जायची, त्यात ती इस्त्रीचे कपडे लिहायची. यंदा मोकळी आहे, म्हणून वापरतो. भावना वगैरे लिहिणार नाही. फक्त कामाची नोंद.

काम असे. तळघरात प्लायवूडचे मोठे अॅक्वेरियम बांधणे. आठ फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. तीन बाजू प्लायवूड, समोर काच, आतून पाणी अडवणारा इपॉक्सीचा लेप. पाडव्याला पाणी भरायचे.

कारण. हॉलमधल्या काचेच्या टाकीत जो ऑस्कर जातीचा मासा आहे, त्याला आता वळता येत नाही. वळायचे म्हटले की धनुष्यासारखा वाकतो. उज्वलाने वाशीच्या दुकानातून आणला तेव्हा बोटाएवढा होता. नाव मामलेदार. तो हलत नाही आणि सगळ्यांकडे रागाने बघतो म्हणून. तिच्या माहेरी कराडला असे एक मामलेदार होते म्हणे.

संध्याकाळी ती काचेवर बांगड्या वाजवायची. मग तो वर यायचा, हातातून खायचा, मग ती चहा ठेवायची. हे अशास्त्रीय आहे. माशाला कान नसतात. मी घड्याळ बघून घालतो. माझ्यासमोर खात नाही, मी गेल्यावर खातो. शिष्ट आहे.

तळघर अशासाठी की भरलेल्या टाकीचे वजन अडीच टनांच्या वर जाते. हॉलचा स्लॅब ते घेणार नाही. आमचे रो-हाऊस बेलापूरच्या टेकडीच्या उतारावर असल्याने खालची खोली अर्धी डोंगरात आहे, बोळातून तिला एक बुटके दार आहे. जागा आयती.

ज्ञानेश्वरीचा पुण्याहून फोन. नेहमीचेच. घर भाड्याने द्या, मासा दुकानात परत द्या, इकडे या. मी म्हटले, माशाची सोय लागल्याशिवाय मला हलता येणार नाही. तिने आईच्या वर्षश्राद्धापर्यंत मुदत दिली. म्हणाली, "मेपर्यंत, पप्पा. मग मी काही ऐकणार नाही."

ड्रॉइंग पूर्ण. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. हेड ड्राफ्ट्समनच्या घरची टाकी आहे, त्याला शोभेल असे झाले आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आम्हाला वर्ष पाळायचे असल्यामुळे तिळगूळ नाही. शेजारच्या काशीबाई घेऊन आल्या. या मूळच्या इथल्या, खाडीकाठच्या गावच्या. नव्या शहरासाठी जमीन गेली, खोल्या आल्या, त्या भाड्याने दिल्या आहेत. यजमान कान्हाशेठ दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. काशीबाई मात्र बसत नाहीत.

त्यांनी टेबलावरचे ड्रॉइंग पाहिले आणि यो कोनाचा पलंग, असे विचारले. पलंग नाही, माशाचे घर, असे सांगितले. किती मासे, विचारले. एक.

"आमी सात जना एका खोलीन रायलो," म्हणाल्या. मग जाता जाता वळून, "मंग खायाचा कवा?"

काही लोकांना पाळणे ही कल्पनाच समजत नाही.

१९ जानेवारी, रविवार

प्लाय आला. मरीन ग्रेड, एकोणीस एम.एम. उत्तम माल. तळघरात गेला नाही.

बोळ तीन फुटांचा आहे. आठ फुटी शीट बोळात येते, पण दाराकडे वळत नाही. आतल्या जिन्यावरूनही वळत नाही. ड्रॉइंगमध्ये बोळ दाखवलेला नव्हता, कारण बोळ टाकीचा भाग नाही. शीट्स सध्या हॉलमध्ये भिंतीला लावल्या आहेत. टी.व्ही. त्यांच्या मागे गेला आहे. तसाही मी बघत नव्हतो.

२६ जानेवारी, रविवार

निर्णय घेतला. शीट मधोमध कापल्या. आता टाकी चार बाय चार. पूर्ण विचारांती चौरस आकार जास्त शास्त्रीय वाटतो. माशाला कोणत्याही दिशेने सारखेच वळता येईल. आठ फुटांत एकच मासा हरवल्यासारखा दिसला असता.

ज्ञानूला फोनवर सांगितले की काम वेळापत्रकाच्या पुढे आहे. तिने आईचे कपाट उघडले का, असे विचारले. साड्या बघायच्या आहेत तिला. मी म्हटले किल्ली सापडत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जोडणी. स्क्रू, फेविकॉल. एक बाजू आतली बाहेर लागली होती, ती काढून परत लावली. एक कोपरा काटकोनात येत नाही. गुण्या तपासला, गुण्या बरोबर आहे. भिंत तपासली, भिंत वाकडी आहे. भिंतीचा टाकीशी संबंध नाही हे खरे, पण वाकडेपणा या घरात आधीपासून आहे एवढे सिद्ध होते.

चहाला उशीर होतो रोज. सात-सव्वासात होतात. कामात लक्ष असले की असे होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

इपॉक्सीचा पहिला हात.

डब्यावर लिहिले होते की मिश्रण थोडे थोडे करावे. मी वेळ वाचावा म्हणून एकदम केले. मिश्रण गरम झाले, मग धूर आला, मग घट्ट झाले. ब्रश त्यात उभा आहे. भांडे दुधाचे होते. आता ते दूध तापवण्याच्या कामातून मुक्त झाले आहे. ब्रशसह उत्तम पेपरवेट होईल, ऑफिसात नेईन.

वास घरभर. मामलेदार टाकीच्या कोपऱ्यात तोंड करून बसला. मी गच्चीत बसलो. कान्हाशेठनी खालून विचारले, साहेब, घरात काय जाळताय. काही नाही म्हटले.

२ मार्च, रविवार

इपॉक्सी यशस्वी. थोडे थोडे करून. हात दोन्ही चिकटले, पण आतला रंग फार सुंदर आला आहे. मधासारखा. बघायला कोणीतरी हवे होते. म्हणजे तज्ज्ञ कोणीतरी.

कपाटाची किल्ली माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. पण ज्ञानूला सापडत नाही असे सांगितले असल्यामुळे सध्या ती सापडत नाही.

१६ मार्च, रविवार

काच बसली. बारा एम.एम., चार बाय तीन. काचवाल्याची चार माणसे लागली. दारातून आत येताना चौघेही वाकले, काच वाकली नाही, पण आली. सिलिकॉनने सील केले. समोर खुर्ची टाकून बसलो. रिकाम्या टाकीतही बराच वेळ जातो.

२४ मार्च, सोमवार

धुळवड. बाहेर सगळे भिजलेले. मी पण, कारण वेगळे.

काल संध्याकाळी नळाला पाइप लावून टाकी भरायला घेतली आणि झोपलो. सकाळी तळघरात घोट्याएवढे पाणी. चपला तरंगत होत्या. गळती समाधानकारक आहे, म्हणजे एकाच कोपऱ्यातून. तोच कोपरा, काटकोन न झालेला. शिवाय पाण्याच्या दाबाने प्लाय बाहेर फुगला आहे. ड्रॉइंगमध्ये फुगवटा नाही.

काशीबाई पुरणपोळ्या घेऊन आल्या, त्या पायऱ्यांवरच थांबल्या. मी तळघरात बादलीने पाणी उपसत होतो. त्यांनी पोळ्या माझ्या डोक्यावरून खिडकीत ठेवल्या आणि विचारले, "भाऊ, मासा टाकीन ठेवायचा का खोलीन?"

शहाजीला फोन केला. हा उज्वलाचा धाकटा भाऊ, कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचे गोडाऊन आहे. मी शक्यतो त्याला बोलवत नाही. तो मोठ्याने बोलतो, आणि हसताना अगदी तिच्यासारखा दिसतो.

८ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी नाही, वर्षामुळे. पाणीही नाही, शहाजीमुळे. टाकीला बाहेरून बसवायची लोखंडी फ्रेम आज आणतो म्हणाला होता, बाजार बंद.

गल्लीत सगळ्यांच्या गुढ्या. आमचा खिळा रिकामा. त्या खिळ्याला मी पातळी बघायची लेव्हल ट्यूब अडकवली. खिळा वाया गेला नाही.

१३ एप्रिल, रविवार

सविस्तर नोंद आवश्यक.

सकाळी शहाजी टेम्पो घेऊन आला. लोखंडी अँगलची फ्रेम, चारी बाजूंनी आणि वरून. बोळात तुकडे कापले, तळघरात वेल्डिंग केले. बारा वाजता टाकी फ्रेममध्ये बसली. फुगवटा गेला. कोपरा गच्च. शहाजी म्हणाला, दाजी, आता हिच्यात हत्ती ठेवा. दुपारी पाणी भरले, तीन चतुर्थांश. एक थेंब नाही. मी हात फिरवून पाहिले, दोनदा. कोरडे.

एवढ्यावर थांबायला हवे होते.

शहाजीने टेम्पोतून नारळ काढला. त्यांच्या बाजारात ट्रक आला तरी नारळ, वजनकाटा बसवला तरी नारळ, शटरला ग्रीस लावले तरी नारळ. मी नको म्हटले. वर्ष चालू आहे, नवीन वस्तूचे काही करायचे नसते. तो म्हणाला, हा काही सण नाही, हा वस्तूचा मान आहे. मी तरी नको म्हटले. तेव्हा तो हळू बोलला. तो हळू बोलतो हे मला माहीत नव्हते.

"अक्काच्या नावानं, दाजी."

मी लेव्हल ट्यूब गुंडाळून फळीवर ठेवली. त्याला तो होकार वाटला.

त्यांच्याकडे नारळ दगडावर फोडत नाहीत, लोखंडावर फोडतात. लोखंड त्यांचे दैवत. त्याने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि समोरच्या अँगलवर नारळ आपटला. अँगलला लागूनच काच होती.

नारळ शाबूत राहिला.

काचेला आधी एक रेघ आली, केसाएवढी, वरून खाली. मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटले थांबेल. मग पाणी आले. शहाजी जिन्यावर पळाला, मी गेलो नाही, कारण कुठे जायचे ते सुचले नाही. कंबरेपर्यंत भिजलो. नारळ तरंगत दारातून बाहेर गेला आणि बोळातून उतरणीने कान्हाशेठच्या ओट्यापर्यंत पोचला. काशीबाईंनी तो आणून दिला.

"नारल चांगला निंगाला," म्हणाल्या.

शहाजी जिन्यात डोके धरून बसला होता. मी त्याला चहा दिला. लागले कोणालाच नाही. मामलेदार वर हॉलमध्ये होता, त्याला काही कळले नाही.

१४ एप्रिल, सोमवार

काचवाला म्हणतो, या मापाची काच आता जूनमध्ये. वर्षश्राद्ध १८ मेला. तिथी दोन दिवस आधीची आहे, पण जावई कुलदीपरावांना रविवारशिवाय रजा नाही. म्हणजे वेळ नाही.

ऑफिसात दिवसभर एकच विचार केला. तलावातला मासा आपण बाजूने बघतो का? नदीतला? विहिरीतला? मासा हा वरूनच बघायचा असतो. काच ही शहरी कल्पना आहे.

२० एप्रिल, रविवार

चौथ्या बाजूलाही प्लाय लावला. उरलेल्या अर्ध्या शीटमधून बरोबर निघाला. जणू त्यासाठीच उरला होता. इपॉक्सी दिले.

टाकी आता चारही बाजूंनी सारखी मजबूत आहे. दिसायला मोठ्या पेटीसारखी. ज्ञानूने फोनवर विचारले, अॅक्वेरियम कसे दिसते. मी म्हटले भक्कम दिसते.

नारळ तळघरात फळीवर आहे. फेकवत नाही.

२७ एप्रिल, रविवार, सायंकाळी

बुधवारी पाणी भरले, चार दिवस तसेच राहू दिले, एक थेंब गळला नाही. आज मामलेदाराचे स्थलांतर. मोठ्या प्लास्टिक पिशवीतून, जिन्याने खाली. वाटेत त्याने माझ्याकडे नेहमीसारखेच पाहिले. टाकीत सोडला. एक क्षण थांबला. मग सरळ गेला, वळला, न वाकता वळला. पहिल्यांदाच.

मग तळाशी गेला आणि दिसेनासा झाला. इपॉक्सीचा मधासारखा रंग खाली काळा दिसतो. मासाही काळा.

हॉलमधली काचेची टाकी रिकामी केली. तिथे आता चौकोनी डाग आहे.

३० एप्रिल, बुधवार

मासा खूष असावा. दिसत नाही. खाणे वर तरंगते आहे. नवीन जागा, पोट भरलेले असेल.

२ मे, शुक्रवार

टॉर्च लावून पाहिले. कोपऱ्यात आहे. तोच कोपरा. खाणे तसेच. जाळीने काढून नवीन टाकले. अर्धा दिवस रजा घेतली, ऑफिसात कारण दाखवले, घरगुती आजार.

बोटाने प्लायवर टकटक केली. भद्द आवाज येतो. किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहिला. चमचा. मग बंद केले, कारण माशाला कान नसतात.

४ मे, रविवार

ज्ञानूचा फोन. मासा व्यवस्थित जेवतो असे सांगितले. तिने विचारले, आणि तुम्ही? मी पण, म्हटले. दोन्ही उत्तरे एका दमात दिली.

असे होऊ शकते की प्राण्यांना कळते. घरातले माणूस गेले की ते खात नाहीत. गाईंचे ऐकले आहे. हॉलमध्ये त्याला कदाचित वाटत असेल की आज ना उद्या. मी त्याला तिथून हलवले. माझा अंदाज आहे की त्याला आता समजले.

हे कामाच्या नोंदीत बसत नाही. पुढच्या वेळी लिहिणार नाही.

६ मे, मंगळवार

पाणीकपात. मोठी लाइन फुटली आहे, दिवसाआड थोडा वेळ पाणी येईल असे रिक्षा फिरवून सांगून गेले. गल्लीच्या वरच्या टोकाला आपण आहोत, इथे तेवढेही चढत नाही.

संध्याकाळी काशीबाई हंडा घेऊन आल्या. तुमचे तळ्यातले द्या थोडे, म्हणाल्या. मी नकार दिला. हे अॅक्वेरियम आहे, साठवण नाही. पाण्याचे संतुलन असते. त्या म्हणाल्या, आमच्याकडे भाडेकरूची बाळंतीण आहे, तिच्या बाळाचे लंगोट धुवायचे आहेत.

एक हंडा दिला. अपवाद म्हणून.

७ मे, बुधवार

सकाळी बोळात अपवादांची रांग होती.

नियम केले. एक, फक्त धुण्या-भांड्यासाठी. दोन, सकाळीच. तीन, आतून तांबडी रेघ मारली आहे, तिच्या खाली पाणी काढू नये. पाटी लावली. खाली 'आज्ञेवरून' लिहिले. पाटीवरचे अक्षर ऑफिसच्या पाट्यांपेक्षा चांगले आले आहे.

८ मे, गुरुवार

दोन नियम मोडले. तिसरा टिकला. नळाला पाणी आले तेव्हा खालच्या घरांतल्या बायकांनी आपले पाइप जोडून जोडून वरपर्यंत आणले आणि आधी टाकी भरली. मी सांगितले नव्हते. शेजारची बाळंतीणही बाळ घेऊन बघायला आली. बाळाला पेटी आवडली.

मासा दिसला नाही. खाणे तसेच.

९ मे, शुक्रवार

आज अक्षय्य तृतीया. ऑफिसला सुट्टी नाही, मी गेलो नाही.

काशीबाई पाणी काढत होत्या. टाकीच्या कडेवर हात टेकून तांब्या बुडवत होत्या, रेघ सांभाळून. मी दारात उभा होतो, रेघेसाठी. त्यांच्या हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. प्रत्येक तांब्याला त्या प्लायच्या कडेवर वाजत होत्या.

खालून काहीतरी वर आले. काळे, मोठे. पाण्याबाहेर तोंड काढून थांबले.

काशीबाई दचकल्या नाहीत. "यो बग, तुमचा सायब आला," म्हणाल्या. मी खाण्याचा डबा त्यांच्या हातात दिला. माझ्या हातातून घेणार नाही हे माहीत होते. त्यांनी चिमूट धरली. तो चटकन खाऊन गेला. पुन्हा आला. पुन्हा खाल्ले. डबा अर्धा संपवला.

"बांगरी वाजली का येतो यो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "आमची उज्वलाताय वाजवायची ना."

मी पाटी सरळ केली.

रात्री नोंद. माझा अंदाज चुकला. मासा कोणाचीही वाट बघत नव्हता. त्याला फक्त बांगड्या लागतात. कोणाच्याही चालतात. त्याला ऐकू येते हे वेगळेच. वर्षभर मी त्याच्याविषयी जे समजत होतो ते निराधार होते. बुद्धीने अत्यंत मंद प्राणी. आवाज झाला की उठून यायचे, बस. पुढे काय, कोण, काही विचार नाही.

बरे झाले कळले. आता त्याच्याविषयी काळजीचे कारण नाही. या घरात वाट बघणारे कोणी नाही.

१८ मे, रविवार

वर्षश्राद्ध झाले. ज्ञानू आणि कुलदीपराव काल रात्री आले. शहाजी सकाळी आला, तळघरात जायला बिचकत होता.

किल्ली सापडली. ज्ञानूने कपाट उघडले. मी तेव्हा गच्चीत होतो, टाकीच्या संदर्भात. सौभाग्यवती गेली की वर्षाला सवाष्ण जेवू घालायची, तिला साडी आणि बांगड्या द्यायच्या, असे आमच्यात आहे. ज्ञानूने काशीबाईंना बसवले. हिरवी साडी दिली, जिची घडी उज्वलाने मोडली नव्हती. बांगड्याही कपाटातल्याच, हिरव्या. काशीबाईंनी तिथल्या तिथे भरल्या. हात मापाचे निघाले.

जेवणानंतर ज्ञानू खाली आली. पेटीभोवती फिरली. काच शोधत असावी. मी वरून बघण्याचे शास्त्र सांगायला सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, "पप्पा, बॅग भरू ना?"

मी उत्तर तयार ठेवले होते. मासा नवीन जागेत रुळायला सहा महिने लागतात, पाण्याचे संतुलन, जूनमध्ये काच. मी टाकीची कड पुसत राहिलो.

तेवढ्यात बुटक्या दारातून हंडे आले. पाठोपाठ बायका, वाकून. काशीबाई नव्या साडीतच, पदर खोचून. ज्ञानूचे शेवटचे वाक्य त्यांनी ऐकले होते.

"यांना नेलंस तं आमचं पानी कोन देल?" त्या म्हणाल्या. "मामलेदाराला ठेव हवं तर तुझ्याकडं. हे आमाला लागतान."

कुलदीपराव हसले आणि दोन बादल्या उचलून चालायला लागले. त्यांना कुठे न्यायच्या ते माहीत नव्हते. ज्ञानू पाटी वाचत होती. 'आज्ञेवरून' वाचून तिला हसू आले. वर्षात पहिल्यांदा पाहिले. मग तिने पाटी पुन्हा वाचली, पाटीवर वाचण्यासारखे तेवढे नाही.

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली.

शहाजीने जायच्या आधी फळीवरचा नारळ घेतला आणि बाहेर, पार रस्त्यावर जाऊन, दगडावर फोडला. नासका निघाला. तो ओशाळला. काशीबाई म्हणाल्या, नासका म्हणजे देवाने घेतला, बरे झाले.

सारांश. प्रकल्प यशस्वी. टाकी गळत नाही, मासा जिवंत आहे, माझे पुण्याला जाणे तांत्रिक कारणांमुळे पुढे गेले आहे. पावसाळ्यानंतर काच बसवणार.

२० मे, मंगळवार

लाइन दुरुस्त झाली. नळाला पूर्ण पाणी. रांग नाही. पाटी काढली नाही, राहू दिली.

संध्याकाळी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. साडेसहा वाजले असतील. खालून बांगड्या वाजल्या, प्लायवर, तीन-चारदा.

मी पेपरची घडी केली, चष्मा काढून ठेवला आणि उठलो. चहा कोण ठेवणार, हे जिन्यात अर्ध्यावर आल्यावर लक्षात आले.

खाली काशीबाई होत्या. पाण्याला नाही, मासा बघायला आल्या होत्या. मामलेदार वर आला होता.

मामलेदार आणि मी, दोघेही तसेच थांबलो.